नेम नाकाचा, वार डोळ्यावर

जनावरांकडून येणाऱ्या डोळ्यांच्या आजारांच्या या मालिकेत लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, हप्ता आज द्यायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. सौंसरकडच्या एका संत्रा बागायतदार वाचकाचं पत्र आलं आणि त्यात माझी आवडती माशी निघाली. ती समोर आल्यावर दुसरं काही लिहिणं मला जमत नाही.

हकीकत अशी. वावरात खतासाठी काठेवाडी मेंढपाळांची मेंढरं बसवली होती. भर दुपारी धुऱ्यावरून मोटरसायकलवर येताना डोळ्यावर काहीतरी फटकन आदळलं. कचरा गेला असेल म्हणून त्यांनी डोळा धुतला. संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक झाला, पाण्याची धार लागली आणि पापणीआड काही वळवळतंय असं वाटायला लागलं. घरच्यांनी निदान केलं, डोळे आले. मेडिकलमधून थेंब आणून टाकले, फरक पडला नाही. शेवटी नागपूरला डॉक्टरांनी यंत्राखाली डोळा पाहिला आणि चिमट्याने बारीक अळ्या काढल्या. पत्रात त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात: मेंढीच्या अंगावरून हे किडे आले का, आणि पुढच्या साली मेंढरं बसवू की नको?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. खुशाल बसवा. लेंडीखताला तोड नाही, आणि या माशीपायी ते सोडणं म्हणजे उवांच्या भीतीने घोंगडं जाळण्यासारखं आहे.

आता पहिला प्रश्न. अळ्या मेंढीच्या अंगावरून आल्या नाहीत, त्या हवेतून आल्या. ही माशी म्हणजे ईस्ट्रस ओव्हिस, मेंढीच्या नाकातली माशी. मधमाशीएवढी, करड्या रंगाची, पाठीवर काळे ठिपके. हिचं तोंड फक्त नावाला असतं. प्रौढ झाल्यावर ती काही खात नाही. अळीपणी जे खाल्लं त्यावर थोडे दिवस जगते आणि तेवढ्यात पिल्लांची सोय लावून मरते. अंडी घालण्याच्याही भानगडीत ती पडत नाही. अंडी पोटातच उबतात आणि जिवंत अळ्या बाहेर येतात. मेंढीच्या नाकपुडीसमोर ती उडता उडताच थांबते, ओलसर थेंबात भिजलेल्या अळ्यांची पिचकारी मारते आणि पसार होते. ती कुठे बसत नाही, चावत नाही. मेंढीच्या नाकात शिरलेली अळी आत सरकत कपाळाच्या पोकळ्यांत जाते आणि एका मिलिमीटरची दोन-तीन सेंटिमीटरची होते. मग एका सणसणीत शिंकेसरशी ती मातीत पडते, तिथे कोष करते, आणि त्यातून पुन्हा माशी निघते.

मेंढ्यांना ही माशी चांगली ठाऊक आहे. ऊन तापलं की कळप एकाएकी चरायचा थांबतो. सगळ्या मेंढ्या घोळका करतात, माना खाली घालतात आणि नाकं जमिनीला किंवा एकमेकींच्या लोकरीत खुपसतात. मध्येच एखादी पाय आपटते, फुरफुरते. लांबून बघणाऱ्याला वाटतं सावली शोधताहेत. कळपावर ऊन नसून माशी आहे, हे मेंढपाळ ओळखतो. तुम्ही त्या वेळी बाजूने जात असाल तर चष्मा लावा, एवढंच सांगेन. नाकावर धरलेला नेम कधी कधी आपल्या डोळ्यावर बसतो, कारण ओला आणि उघडा तोच असतो.

हे आपल्याच भागात घडतं असंही नाही. एडमंड आणि एतिएन सर्जां या दोन फ्रेंच भावांनी 1907 साली अल्जीरियातल्या डोंगराळ भागाबद्दल हेच लिहून ठेवलंय. तिथल्या मेंढपाळांना हा त्रास आधीपासून माहीत होता आणि त्याला त्यांच्या बोलीत नावही होतं. भारतातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीही अशा रुग्णांच्या नोंदी वेळोवेळी छापल्या आहेत. शहरातले लोकसुद्धा त्यात सापडतात, कारण माशीला पंख आहेत.

अळी डोळ्यात गेल्यावर काय होतं? ती जेमतेम मिलिमीटरभर, काचेसारखी पारदर्शक असते. दिसतात ते तोंडाकडचे दोन काळे आकडे. या आकड्यांनी ती बुबुळाभोवतीच्या पातळ पडद्याला धरून ठेवते, म्हणून पाण्याने धुतल्यावरही हलत नाही. शिवाय तिला उजेडाचं वावडं आहे. डॉक्टरांनी प्रकाश टाकला की ती पापणीच्या आतल्या घडीत पळते. म्हणून डोळा आधी औषधाने बधिर करायचा, वरची पापणी उलटी करायची आणि एकेक अळी उचलायची. एखादी राहिलीय का हे पाहायला पुन्हा बोलावतात, आणि ते जायलाच हवं. समाधानाची गोष्ट म्हणजे माणसाच्या डोळ्यात ही अळी वाढू शकत नाही. मेंढीच्या नाकासाठी घडलेला जीव आपल्याकडे पहिल्याच अवस्थेत अडकतो आणि काही दिवसांत मरतो. डोळ्याच्या आत घुसल्याची उदाहरणं फारच विरळ.

याच्या उलट चाल डोळ्यातल्या जंताची. थेलाझिया नावाचे हे पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत गायीबैलांच्या पापणीआड राहतात. बैलाच्या डोळ्यातून पाणी गळून गालावर काळा ओघळ पडतो, त्या ओघळावर माश्या बसतात, आसवं चाटतात आणि जंताची पिल्लं घेऊन पुढच्या डोळ्यावर जातात. पोळ्याला कपाळावर मठाटी बांधतो, तिच्या गोंड्यांनी माश्या थोड्या तरी हाकलल्या जातात. माझं मत विचाराल तर ती वर्षभर बांधावी. माणसाच्या डोळ्यात गुरांचा हा जंत क्वचितच येतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात गुरांच्या कुरणांजवळ घोडेस्वारी करून आलेल्या 26 वर्षांच्या एका तरुणीच्या डोळ्यातून 14 जंत निघाले. ते बहुतेक तिने स्वतःच बोटांनी ओढून काढले होते. गुरांमधली ती जात माणसात पहिल्यांदाच सापडली म्हणून 2018 साली त्याची बातमी जगभर झाली.

(पोळ्याचा विषय निघाला की पांढुर्ण्याचा माणूस दुसऱ्या दिवशीच्या जाम नदीतल्या गोटमारीच्या दगडफेकीवर येतोच. त्या दगडांनी होणाऱ्या डोळ्यांच्या इजांवर लिहायला हात शिवशिवतात, पण तो आजार जनावरांकडून येत नाही, म्हणून इथे गप्प बसतो.)

बैलाच्या डोळ्यात फूल पडलं, पाणी गळतंय, म्हणून घरात सगळ्यांचे डोळे आले, असंही बरेच जण लिहितात. गुरांच्या त्या आजाराचा जंतू निराळा असतो आणि तो माणसाला लागल्याचं क्वचितच आढळतं. 2023 च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली ती माणसाकडून माणसाला, रुमालातून, टॉवेलातून, हातातून पसरली. कोठ्यातल्या बैलावर तिचं खापर फोडण्यात अर्थ नव्हता. माश्या आणि चिलटं मात्र एकाच्या डोळ्याची घाण दुसऱ्याच्या डोळ्यात नेतात, एवढा दोष त्यांच्या पदरात घालावाच लागतो.

पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकली, ती अळीची नाही, थेंबांची. मेडिकलमधून न विचारता आणलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. त्याने लाली उतरते, माणूस खूश होतो आणि खरा आजार आत तसाच राहतो. बुबुळावर बुरशीचा व्रण असेल, आणि शेतात काडी-कचरा लागून तो होतोच, तर हेच थेंब डोळा घालवू शकतात. तूप, मध किंवा आईचं दूधही टाकू नका. डोळ्यावर काही आदळलं आणि काही तासांत वळवळ, टोचणी, पाणी सुरू झालं, तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि डोळ्यांचे डॉक्टर गाठा. मेंढरांजवळून गेलो होतो, हे त्यांना आपणहून सांगा, कारण ते कळलं तर डॉक्टर पापणी उलटून नीट शोधतील. मेंढपाळाची भेट झाली तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कळपाला आयव्हरमेक्टिन द्यायचं त्याच्या कानावर घाला. माश्या तिथेच कमी होतात.

लेप्टो पुढच्या आठवड्यात, नक्की. मदुराईच्या 1993 च्या पुरानंतर डोळ्यांच्या दवाखान्यात एकाएकी जी गर्दी झाली, तिथून सुरुवात करू. ज्यांच्या वावरात पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि जे अनवाणी त्यात उतरतात, त्यांनी तो अंक चुकवू नये.