भाचीचं कंपनीतलं एक वर्ष आणि माझ्या दुकानाचा सहावा आठवडा

मागच्या व्हिडिओत मी "कंपनीला माल दिला, पण पेमेंट का अडकतं?" हा विषय घेतला होता. तेव्हा भाचीचा उल्लेख ओझरता झाला आणि बऱ्याच जणांनी विचारलं, की तिच्या वर्षभराच्या ट्रेनिंगबद्दल नीट सांगा. बीबीए, बीकॉमची मुलं आणि त्यांचे पालक यांचा प्रश्न एकच आहे : फायनान्स डिपार्टमेंटमध्ये वर्षभर काढून हाताला काय लागतं?

भाचीच्या बीबीएच्या अभ्यासक्रमातच एक वर्षाची अप्रेंटिसशिप होती. जुलै २०२३ मध्ये ती चाकणच्या एका वाहन-सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागली. राहायला आमच्याकडे तळेगावात, सकाळी कंपनीची बस. स्टायपेंड बारा हजार. (२०१९ च्या नियमांप्रमाणे पदवीच्या अप्रेंटिसला किमान ९,००० द्यावे लागायचे. कुणी "फुकट काम कर, अनुभव मिळेल" म्हणालं, तर आधी करार दाखवायला सांगा.)

कॉर्पोरेट फायनान्स म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर रेशो, व्हॅल्युएशन, मोठ्या स्क्रीनवरचे आलेख असं काहीतरी होतं. मिळालं काय, तर बिलांचा गठ्ठा. पहिले चार-पाच महिने ती अकाउंट्स पेएबलला होती, म्हणजे सप्लायरची बिलं तपासायची आणि सिस्टीममध्ये चढवायची. महिन्याभरात कंटाळली. मी म्हटलं, "अगं, कंपनीचा पैसा बाहेर जायचं दार हेच आहे. दारावर बसलीयेस तर नीट बघ."

तिथे नियम एकच, तीन कागद जुळले पाहिजेत. पहिला पीओ, म्हणजे कंपनीने दिलेली ऑर्डर. दुसरा जीआरएन, म्हणजे स्टोअर्सने "एवढा माल आला" असं लिहिलेली नोंद. तिसरं सप्लायरचं बिल. तिन्हींत नग आणि रेट एकच असेल तर बिल पुढे सरकतं. फरक असेल तर सिस्टीम ते होल्डला टाकते. आणि होल्डला पडलेलं बिल कुणाचंच नसतं, हे लक्षात ठेवा. पर्चेसवाला म्हणतो स्टोअर्सचा प्रश्न, स्टोअर्सवाला म्हणतो अकाउंट्सला विचारा.

भोसरीचे एक फॅब्रिकेटर होते, पाच-सहा कामगारांचं वर्कशॉप. सप्टेंबरमध्ये त्यांनी ब्रॅकेट पाठवले. पीओ ५०० नगांचा, बिल ५०० नगांचं, १८० रुपये नग. ९०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १,०६,२०० रुपये. स्टोअर्सने जीआरएन केला ४९६ चा, कारण चार नग रिजेक्ट झाले होते. फरक चार नगांचा, जीएसटीसकट ८४९ रुपये ६० पैसे. तेवढ्यासाठी एक लाख सहा हजार अडकले.

ते रोज फोन करायचे. "ताई, दिवाळीच्या आधी होईल ना?" ही म्हणायची, "सर, प्रोसेसमध्ये आहे." तिला तेच उत्तर शिकवलं होतं. त्यांच्याकडून चार नगांची क्रेडिट नोट मागवली, की बिल दुसऱ्या दिवशी मोकळं होतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. त्याआधीच्या शेवटच्या पेमेंट रनमध्येही ते बिल नव्हतं. शेवटच्या फोनवर ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "राहू द्या ताई, कामगारांचा बोनस मी सोसायटीतून उचललाय."

त्या रात्री ती जेवली नाही. "मामा, मी सोडते. पुस्तकात हे नव्हतं."

मला काय बोलावं सुचेना, कारण मी दोन्ही बाजूंचा. माझीही बिलं कंपन्यांत अडकलीत, आणि मीही कुणाला "बघतो, करतो" म्हणून टोलवलंय. शेवटी म्हटलं, "सोडायचं तर सोड, पण त्या माणसाचं बिल काढून सोड." सोमवारी ती स्वतः स्टोअर्सला गेली, रिजेक्शनची नोंद घेतली, त्यांना फोन करून क्रेडिट नोट कशी बनवायची ते सांगितलं. त्या आठवड्यात पैसे गेले. मग तिने एक साधी एक्सेल शीट केली : सात दिवसांपेक्षा जुनी होल्डची बिलं, कारण काय, आणि कुणाकडे अडलंय. दर शुक्रवारी स्टोअर्स आणि पर्चेस दोघांना मेल. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "कर की, मेल टाकायला कुणी अडवलंय?" ती काही सोडून गेली नाही.

आता माल देणाऱ्यांसाठी यातलं घ्यायचं ते असं. माल उतरवला, की जीआरएनचा नंबर आणि नग त्याच दिवशी मागून घ्या. नग कमी लागले, तर क्रेडिट नोट लगेच द्या, भांडण नंतर करा. बिलावर पीओ नंबर आणि रेट पीओतलाच टाका. आणि जीएसटीआर-१ वेळेवर भरा. समोरच्याचा जीएसटीआर-२बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. त्यात तुमचं बिल दिसलं नाही, तर त्याला क्रेडिट मिळत नाही, आणि बऱ्याच कंपन्या तेवढी टॅक्सची रक्कम दाबून ठेवतात. त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही.

डिसेंबरपासून ती ट्रेझरीत गेली आणि इथून माझी गोष्ट सुरू होते. तिथे तेरा आठवड्यांचा कॅश फ्लो काढतात. आठवड्याच्या सुरुवातीला बँकेत किती, त्या आठवड्यात खरोखर किती येणार, किती जाणार, शेवटी किती उरणार. विक्री किती झाली हा प्रश्नच नाही, पैसा कोणत्या आठवड्यात हलणार एवढंच. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही.

जानेवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, "मामा, तुझ्या दुकानाचा करू का?" मी हसलो. कॅश फ्लो मी लोकांना शिकवतो! म्हटलं, कर.

दुपारी चारला तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सहाव्या आठवड्याच्या रकान्यात लाल आकडा होता, उणे १,४०,०००. ओडी पूर्ण वापरल्यावरही. पाइपच्या स्कीमचा माल मी जानेवारीत उचलला होता, त्याचं पेमेंट, गोडाऊनचं भाडं आणि ओडीचं व्याज एकाच आठवड्यात येत होतं. आणि येणं? ते कॉन्ट्रॅक्टर लोकांच्या "पुढच्या बिलाला देतो"वर होतं.

"मामा, तुझं दुकान फायद्यात आहे. पण पैसे तुझ्याकडे नाहीत, लोकांकडे आहेत."

मग तिने हिशोब मांडला. माल सरासरी ५२ दिवस रॅकवर पडतो. विकल्यावर उधारी ३८ दिवसांनी येते. मी मात्र कंपनीला २१ दिवसांत पैसे देतो. ५२ अधिक ३८ वजा २१, म्हणजे ६९ दिवस माझा पैसा बाहेर. महिन्याची खरेदी ६ लाख, दिवसाला २० हजार. ६९ गुणिले २० हजार, ढोबळमानाने १३ लाख ८० हजार रुपये कायम अडकलेले. माझी ओडी आठ लाखांची. बाकीचे कुठून येत होते? बायकोच्या एफडीतून, आणि ते मी तिला पूर्णपणे सांगितलं नव्हतं. भाचीने विचारलं नाही, पण आकडा तिला दिसला होता.

त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं. काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तीन कॉन्ट्रॅक्टरांना फोन केले. दोघांनी पंधरा दिवसांत बरंचसं दिलं. तिसरा शाळेतला मित्र, त्याला मी कधी मागितलेच नव्हते. अजूनही सगळे आलेले नाहीत, पण आता त्याला रोखीने माल जातो. पुढची स्कीमही घेतली नाही. स्कीममध्ये दोन टक्के मिळतात म्हणून आपण महिनोन् महिने ओडीचं व्याज भरतो, हे गणित मला आधी का दिसलं नाही, देव जाणे.

मार्च २०२४ मध्ये तिच्या ऑफिसात धावपळ झाली, तीही कामाची गोष्ट आहे. आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम २०२३-२४ या वर्षासाठी पहिल्यांदाच लागू झालं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे देणार त्या वर्षी मिळतो. २५.१७ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीचे एक लाख बाकी राहिले, तर त्या वर्षी सुमारे २५ हजारांचा कर जास्त. भाचीला काम मिळालं सगळ्या सप्लायरकडून उद्यम सर्टिफिकेट गोळा करायचं. काही जण उलट घाबरले, "ताई, आम्ही उद्यममध्ये आहोत म्हटलं तर ऑर्डर दुसरीकडे जाईल का?" हक्क कागदावर मिळाला, तरी गरजवंताला तो मागायची भीती वाटते.

आणि आपल्या दुकानदारांनी हुरळून जाऊ नये. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. उशिरा पेमेंटचं हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. माझ्या हार्डवेअरच्या दुकानाला नाही.

मुलांना एवढंच सांगेन, जॉइन होण्याआधी विचारा की बारा महिन्यांत किती टेबलांवर बसवणार. वर्षभर एकाच खुर्चीत बिलं चढवायची असतील, तर सहाव्या महिन्यात बदली मागा. तोंडाने नाही, मेलवर.

जून २०२४ मध्ये तिचं वर्ष संपलं. शेवटच्या दिवशी नवीन मुलाला तिने होल्डची शीट दिली आणि भोसरीच्या त्या वर्कशॉपचा नंबर पहिल्या ओळीत टाकला. तेरा आठवड्यांचा कोरा तक्ता व्हिडिओच्या खाली ठेवलाय. भरताना उधारीच्या रकान्यात ग्राहकाने सांगितलेली तारीख टाकू नका, मागच्या वेळी त्याने खरोखर कधी दिले ती टाका.