अतिनील किरण आणि नेत्रभिंग : मोतीबिंदूचे एक टाळता येण्याजोगे कारण

मोतीबिंदू हे आपल्या देशातील अंधत्वाचे आजही सर्वांत मोठे कारण आहे. सन २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींमधील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे आलेले होते. शस्त्रक्रियेने ते बहुतांशी दूर होते आणि दात्यांच्या साहाय्यामुळे ही सेवा गरजूंपर्यंत पोहोचते. परंतु मोतीबिंदू मुळात होतो कशाने, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. वाढते वय हे त्याचे मुख्य कारण होय. मधुमेह, तंबाखूचे सेवन, डोळ्याला झालेली इजा आणि स्टिरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर हीही कारणे आहेत. याच यादीत सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा समावेश होतो, आणि त्यांपासून बचाव करणे तुलनेने सोपे आहे.

बाहुलीच्या मागे असलेले नेत्रभिंग प्रामुख्याने पाणी व प्रथिने यांचे बनलेले असते. त्याच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांचा असतो. या प्रथिनांची अतिशय दाट व नियमित मांडणी असल्यामुळेच भिंग पारदर्शक राहते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. कांद्याच्या थरांप्रमाणे नवे थर बाहेरून चढत जातात, पण आतले जुने थर कधीही बदलले जात नाहीत. त्वचा झिजली तर नवी येते. भिंगाच्या जुन्या थरांना ही सोय नाही. जन्मापूर्वी तयार झालेली प्रथिने म्हातारपणापर्यंत तीच राहतात. म्हणूनच त्यांना झालेली इजा साठत जाते.

डोळ्यावर पडणाऱ्या अतिनील किरणांपैकी कमी तरंगलांबीचे बरेचसे किरण पारपटल शोषून घेते. पुढे जाणारे बहुतेक किरण भिंग अडविते. अशा रीतीने ते दृष्टिपटलाचे रक्षण करते, परंतु त्याची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते. शोषलेल्या ऊर्जेमुळे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण निर्माण होतात व ते प्रथिनांची रचना बिघडवितात. ग्लुटाथायोन आणि क जीवनसत्त्व हे घटक या कणांना निष्प्रभ करीत असतात. मात्र वयोमानानुसार भिंगातील हे संरक्षण क्षीण होत जाते. मग बिघडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात, प्रकाश विखुरला जातो आणि दृष्टी धूसर होते. उकडलेल्या अंड्यातील पांढरा भाग जसा पुन्हा पारदर्शक होत नाही, तसेच हे आहे. कोणत्याही थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही.

अमेरिकेतील चेसापीक उपसागरात मासेमारी करणाऱ्या ८३८ पुरुषांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर आयुष्यभरात पडलेल्या अतिनील-ब किरणांची मात्रा दुप्पट झाली, तर भिंगाच्या बाह्य थरातील मोतीबिंदूचा धोका ६० टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. भिंगाच्या मध्यभागी होणाऱ्या मोतीबिंदूशी मात्र असा संबंध दिसला नाही. तेव्हा प्रत्येक मोतीबिंदूचा दोष उन्हाला देणे योग्य नाही. पण उन्हाकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही.

आपले उल्हासनगर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो व सावली पायांखाली नाहीशी होते. कॅम्पमधील हातगाडीवाले, रिक्षाचालक, बांधकाम मजूर, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या भगिनी, तसेच अंबरनाथ-बदलापूर परिसरातील शेतकरी यांचे आयुष्य या उन्हातच जाते. ढगाळ हवेतही अतिनील किरणांचा बराच भाग जमिनीवर पोहोचतो.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा किरण तीव्र असतात असे समजावे. छत्री, रुंद कडेची टोपी किंवा कपाळावर पुढे ओढलेला पदर डोळ्यांना सावली देतो. कडा नसलेली गांधी टोपी डोके झाकते, पण डोळे उघडेच राहतात. बाजूने येणारे किरण पारपटलावर वळून भिंगाच्या नाकाकडील कडेवर एकवटतात, म्हणून चष्मा बाजूंनीही डोळे झाकणारा असावा. काचेचा काळा रंग म्हणजे संरक्षण नव्हे. अतिनील किरण न अडविणाऱ्या गडद काचेमागे बाहुली मोठी होते व अधिक किरण आत शिरू शकतात. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविणारा चष्मा घ्यावा. तो रंगहीन असला तरी चालतो. वेल्डिंगच्या झोताकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. त्याने पारपटलाला तत्काळ इजा होते.

लहान मुलांचे भिंग अधिक स्वच्छ असल्यामुळे त्यांच्या डोळ्यांत हे किरण अधिक खोलवर जातात. म्हणून ही सवय शाळेच्या वयापासूनच लावावी. शस्त्रक्रियेत बसविल्या जाणाऱ्या आधुनिक कृत्रिम भिंगात अतिनील किरण अडविण्याची सोय सामान्यतः असते. परंतु वडिलांना हाताला धरून रुग्णालयात आणणारा, स्वतः दिवसभर उन्हात राबणारा मुलगा अजून आपल्या जन्मजात भिंगावरच अवलंबून आहे. त्या भिंगाचे रक्षण आजपासून करणे त्याच्याच हाती आहे.