विद्युत अपोहन
विद्युत अपोहन (इलेक्ट्रोडायलिसिस) ही विद्युतदाबाच्या साहाय्याने पाण्यातील क्षार वेगळे करण्याची प्रक्रिया आहे. यात धनायन व ऋणायन यांपैकी एकाच प्रकारास वाट देणारी पटले आलटून पालटून बसवतात. त्यामुळे एका कप्प्यातील क्षार घटतात, तर शेजारच्या कप्प्यात साठतात.

गोंदिया जिल्हा भातगिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. उकडा तांदूळ करताना धान भिजवलेल्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ, नायट्रोजन व फॉस्फरस उतरतात. असे पाणी तलावात गेल्यास शेवाळ माजते. त्यातील अमोनियम व फॉस्फेट या पद्धतीने संहत करून खतासाठी वापरता येतात. मात्र स्टार्चसारखे विद्युतभाररहित पदार्थ याने वेगळे होत नाहीत, उलट पटलांवर साचतात; म्हणून आधी जैविक प्रक्रिया व गाळण आवश्यक असते.

भारतात या पटलांवर भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेत (स्थापना १९५४) संशोधन झाले आहे.