कचेरीतील नवा लेखनिक

महाडची औद्योगिक वसाहत आमच्या बिरवाडीस लागूनच असल्यामुळे तेथील कचेऱ्यांत नोकरी करणारी मंडळी येथे प्रायः प्रत्येक आळीत आढळतात. हल्ली त्यांच्या बोलण्यात एक नवा विषय शिरला आहे. पत्रे, टिपणे, सूचनापत्रके लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरा, असे वरिष्ठ सांगतात; ती वापरावी कशी, हे मात्र कोणी सांगत नाही. परिणामी तरुण कारकून यंत्राने दिलेले उतारेच्या उतारे बेधडक उचलतो, आणि पंचवीस वर्षे चोख पत्रव्यवहार सांभाळलेला हेडक्लार्क आपले दिवस भरले असे समजून गप्प बसतो. आमच्या मते प्रथम या दुसऱ्याचे समाधान केले पाहिजे.

चॅटजीपीटी हे यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे आले. अशा यंत्रांचे मर्म एवढेच की, अपार लेखनसामग्रीच्या आधारे, एका शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय, हे ती ताडतात. संभवनीय आणि सत्य यांतील अंतर त्यांस कळत नाही. आम्ही कुतूहलाने भर्तृहरीचा एखादा शिखरिणी वृत्तातील श्लोक मागितला. श्लोक तत्काळ आला, भाषाही सुबक. परंतु सतरा अक्षरांच्या वृत्तात एक चरण पंधरांचाच निघाला, आणि खाली नाव भर्तृहरीचे! आम्हांस अक्षरे मोजता येतात म्हणून ही लबाडी सापडली. (लबाडी म्हणणेही अन्यायाचेच, यंत्रास हेतू कोठला?) न्यूयॉर्क येथील दोन वकिलांनी मात्र मुळात अस्तित्वातच नसलेले, यंत्राने रचलेले निवाडे न्यायालयापुढे ठेविले, आणि २०२३ साली पाच हजार डॉलरांचा दंड ओढवून घेतला.

तेव्हा ज्याची जेथे विद्या आहे, तेथूनच त्यास आरंभ करू द्यावा. जे पत्र हेडक्लार्क झोपेतही लिहील, तेच यंत्राकडून लिहवून घ्यावे आणि चौघांनी मिळून त्यातील चुका तांबड्या शाईने काढाव्या. आठवड्यास अर्धा तास पुरे. साहेबांनीही तेथे बसावे व आपणांस न उमगलेले उघड विचारावे. अशाने यंत्राचा दरारा ओसरतो आणि त्याचा उपयोगही दिसू लागतो. लांबलचक परिपत्रकाचा सारांश किंवा इंग्रजी पत्राचा मराठी खर्डा ते झपाट्याने करून देते. कामगारांची खासगी माहिती आणि कारखान्याच्या कृती मात्र त्यात घालू नयेत, हे पहिल्याच दिवशी बजावावे.

येथील काम रसायनांचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. ‘पाणी ओतू नये’ याचे ‘पाणी ओतावे’ होण्यास एका शब्दाचीच चूक पुरते. म्हणून सूचनाफलकाचा तर्जुमा यंत्राने केला, तरी त्यावर सही करणारा माणूस प्लँटवर वावरलेला हवा, आणि ‘हे चूक आहे’ असे साहेबांसमक्ष म्हणण्याची त्यास मुभा हवी.

त्या अर्ध्या तासाचा पगार कापू नये, व चुका दाखविणाऱ्याच्या नावापुढे कामचुकारपणाचा शेरा मारू नये. जेथे हे पथ्य पाळले जात नाही, तेथील मंडळी रात्री घरी मुलांपाशी बसून चोरून शिकतात. आमच्या शेजारच्या आळीत असे दोघेजण आहेत.