तबकड्यांची घुसळण

दही घुसळताना रवी एकाच दिशेने फिरत नाही. दोरीचे एक टोक ओढले की ती उजवीकडे, दुसरे ओढले की डावीकडे फिरते, आणि दिशा पालटताच दह्याला नवा हिसका बसतो. रासायनिक उद्योगातील आंदोलित तबकड्यांच्या स्तंभाचे या रवीशी जवळचे नाते आहे.

उंच उभ्या नळकांड्यात मधल्या दांड्यावर सच्छिद्र तबकड्या एकीवर एक बसविलेल्या असतात व दांडा सतत खालीवर होत असतो. जड द्रव वरून उतरतो, हलका द्रव खालून चढतो, आणि छिद्रांपाशी त्यांपैकी एकाचे थेंब होतात. एका द्रवात विरघळलेला पदार्थ दुसऱ्यात जातो तो या थेंबांच्या पृष्ठभागातून. म्हणून थेंब लहान हवेत. व्हान डाइक यांना १९३५ साली मिळालेल्या पेटंटात तबकड्या हलविणे आणि द्रवच हलविणे हे दोन्ही मार्ग होते. पहिल्या मार्गाचे सुधारलेले रूप अँड्र्यू कार यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले.

लहान थेंबांची किंमत मात्र जबर असते. तबकडीला होणारा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणजे शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढणार. आंदोलने दुप्पट जलद केली की शक्ती आठपट लागते. थेंबांचा व्यास मात्र निम्म्याहून थोडाच खाली येतो. त्याहून अधिक घुसळले तर अतिसूक्ष्म थेंब वर चढेनासे वा खाली उतरेनासे होतात व स्तंभ तुंबतो. मग खर्च केलेली सारी ऊर्जा वाया! कार यांनी तबकडीचा निम्म्याहून अधिक भाग, सुमारे ५८ टक्के, मोकळा ठेवला. केवळ पाव भाग मोकळा असलेल्या तबकडीला त्याच वेगाने साडेसात पटींच्या आसपास शक्ती लागते.

असे असूनही मुंबईतील ट्रॉम्बे येथे दुसरा मार्ग पत्करण्यात आला. सायरस अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारे तेथील संयंत्र १९६४ साली सुरू झाले. नायट्रिक आम्लातील द्रावणातून युरेनियम व प्लुटोनियम ट्रायब्युटिल फॉस्फेटमध्ये ओढून घेण्यासाठी तेथे स्पंद-स्तंभ योजले गेले. अशा स्तंभात तबकड्या स्थिर राहतात आणि बाहेरून दिलेल्या स्पंदांनी द्रव खालीवर होतो. कारण उघड आहे. जाड काँक्रीटच्या भिंतींआड, प्राणघातक किरणांत, झिजलेला दांडा वा बेअरिंग बदलावयास कोणी जावे?