घरची सुगंधी मेणबत्ती आणि ज्येष्ठांचे नाक

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शेगडीवर दूध ठेवून मी दाराशी आलेल्या भाजीवाल्याकडे गेले. परतले तेव्हा दूध आटून पातेले करपले होते आणि घरभर जळका वास कोंदला होता. सासूबाई स्वयंपाकघराला लागूनच बसल्या होत्या. “आई, वास नाही आला का?” असे विचारताच त्या ओशाळल्या. “अगं, हल्ली वासच फारसा कळत नाही मला. उगीच तुम्हाला घोर नको, म्हणून बोलले नाही.”

साठीनंतर घ्राणशक्ती हळूहळू क्षीण होत जाते आणि पुष्कळदा हे त्या व्यक्तीच्याही ध्यानी येत नाही. नजर अधू झाली की चष्मा लागतो. नाकाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र दर्पाचे इथाइल मरकॅप्टन मिसळतात. तो दर्पच जाणवला नाही, तर ही सोय व्यर्थ ठरते.

पुढे दिवाळीसाठी घरी सुगंधी मेणबत्त्या करायचे ठरले, तेव्हा सुगंध निवडण्याचे काम आम्ही आईंकडे सोपवले. कापसाच्या बोळ्यांवर एकेक थेंब तेल घेऊन डोळे मिटून ओळखायचे. मोगरा कळला नाही, लॅव्हेंडरही नाही. गवती चहाचा बोळा येताच मात्र चेहरा उजळला, “हा तर आमच्या परसातला!” निलगिरीही त्यांनी ओळखली. पण येथे एक बाब लक्षात ठेवावी. निलगिरीचा झणझणीतपणा नाकातील वेगळ्या मज्जातंतूंनाही जाणवतो. त्यामुळे ती ओळखली म्हणजे घ्राणशक्ती शाबूत आहे, असे नव्हे.

कृती

दोन लहान मेणबत्त्यांसाठी २०० ग्रॅम सोया मेण पुरते. पसरट पातेल्यात पाणी तापवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. मेण वितळून सुमारे ७० अंश सेल्सिअसला आले की भांडे उतरवावे. मेणबत्तीसाठीचे सुगंधी तेल ६ ते ८ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण दीड चमचा, घालून दोन मिनिटे सावकाश ढवळावे. जाड, उष्णतारोधक काचपात्राच्या मध्यभागी मेण लावलेली सुती वात उभी करून मेण ओतावे आणि न हलवता थिजू द्यावे. आठवडाभर झाकून ठेवल्यास सुगंध चांगला मुरतो. कापूर मुळीच घालू नये. तो झटकन पेट घेतो.

आच आणि गरम मेण धडधाकट व्यक्तीने सांभाळावे. वाती बसवणे, सुगंध निवडणे, चिठ्ठ्या लिहिणे ही कामे ज्येष्ठांनी बसल्या जागी करावीत. मेणाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. शेगडी बंद करून झाकण घालावे. त्वचेवर मेण सांडल्यास वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावे, चिकटलेले मेण ओढून काढू नये.

पेटवण्यापूर्वी

घरात ऑक्सिजन लावलेला रुग्ण असेल, तर मेणबत्ती पेटवूच नये. दमा किंवा श्वसनाचा जुना विकार असल्यास सुगंध आणि धूर दोन्ही त्रासदायक ठरू शकतात. सोया मेणालाही काजळी असतेच. इतरांनी खिडकी किलकिली ठेवून, वात पाव इंचापर्यंत कातरून, जागे असेतोवरच मेणबत्ती लावावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला पेटत्या मेणबत्तीजवळ एकटे सोडू नये. सुगंधाने मन प्रसन्न होते. आजार बरा होतो, असे मात्र समजू नये.

आमच्या घरी पुढे काय झाले

आईंना आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. घ्राणशक्ती वयोमानाप्रमाणे मंदावते, तशीच जुनाट सर्दीमुळे वा काही औषधांमुळेही मंदावते. कधी ती पार्किन्सन किंवा अल्झायमरची आरंभीची खूण असते. म्हणून घरीच अंदाज न बांधता तपासणी करवून घेणे बरे. आईंच्या बाबतीत कारण वयाचेच निघाले. डॉक्टरांनी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद, लक्षपूर्वक घेण्याचा सराव काही महिने करायला सांगितला आहे. स्वयंपाकघरात आम्ही गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र बसवले. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते जमिनीलगत लावले आहे.

गवती चहाची मेणबत्ती आईंच्या उशाशी असते, न पेटवलेली. सकाळी झाकण काढून त्या वास घेतात आणि आज तो किती आला, ते मला सांगतात. पूर्वी हे सांगायला त्यांना संकोच वाटत असे.