एमएस्सी सुईण आणि माशांची जाळी

सुईण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? नऊवारी नेसलेली, गरम पाणी मागणारी आजी. अमेरिकेतली 'सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ' आधी रीतसर नर्स होते, मग मिडवाइफरीत पदव्युत्तर पदवी घेते, मग राष्ट्रीय परीक्षा देते. 2010 पासून मास्टर्सशिवाय नव्या उमेदवाराला दारच बंद आहे. औषधं लिहून देण्याचा अधिकार तिला पन्नासही राज्यांत. एवढं सगळं शिकून यातल्या काहीजणी पोचतात कुठे, तर कुणाच्या तरी बेडरूममध्ये, जमिनीवर गुडघे टेकून!

'काहीजणी' मुद्दाम म्हटलं. बहुतेक नर्स-मिडवाइफ रुग्णालयातच काम करतात. 2021 मध्ये अमेरिकेत घरी झालेली बाळंतपणं 51,642. आकडा मोठा वाटतो, पण एकूण जन्मांच्या तो जेमतेम 1.41 टक्के आहे.

'मिडवाइफ' या शब्दातली 'वाइफ' म्हणजे सुईण नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'मिड' म्हणजे सोबत आणि 'वाइफ' म्हणजे बाई. बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबत असेल ती मिडवाइफ. किंवा तो! थोडे का होईना, पुरुषही या कामात आहेत आणि त्यांचं पदनाम बदलावं लागत नाही.

अमेरिकेतल्या नर्स-मिडवाइफ या व्यवसायाची गोष्ट मात्र घोड्यावरून सुरू होते. मेरी ब्रेकिनरिज ही अमेरिकेच्या एका उपराष्ट्राध्यक्षांची नात. तिची मुलगी जन्मानंतर काही तासांतच गेली, मुलगा चौथ्या वर्षी. नर्स ती होतीच. सुईणपण शिकायला तिला इंग्लंड गाठावं लागलं, कारण मायदेशी तसं शिक्षणच नव्हतं. 1925 मध्ये तिनं केंटकीच्या डोंगरात, जिथे धड रस्ते नव्हते तिथे, सेवा सुरू केली. खोगिराच्या पिशव्यांत सगळं सामान भरून नर्सा ओढे-नाले ओलांडत झोपड्यांपर्यंत जात. त्यांतल्या बऱ्याच ब्रिटिश होत्या. 1939 मध्ये महायुद्ध पेटलं, त्या मायदेशी निघाल्या आणि बाईंची पंचाईत झाली. मग काय, त्यांनी तिथेच शाळा काढली. तीच आजची फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी. गंमत म्हणजे आता तिथला बराचसा अभ्यास विद्यार्थिनी आपापल्या गावी, घरी बसून ऑनलाइन करतात.

साउथ कॅरोलायनातल्या मॉड कॅलन या कृष्णवर्णीय नर्स-मिडवाइफ. 1951 मध्ये 'लाइफ' मासिकानं त्यांच्या कामावर छायाचित्रमालिका छापली आणि वाचकांनी न मागता पैसे पाठवले. जमले वीस हजार डॉलरहून जास्त. त्यातून त्यांचं क्लिनिक उभं राहिलं.

बाळाचा खांदा अडकला तर आईला हातापायांवर ओणवं करायचं, या युक्तीला वैद्यकात 'गॅस्किन मॅन्यूव्हर' म्हणतात. जिच्यावरून हे नाव पडलं त्या आयना मे गॅस्किन डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत, टेनेसीतल्या सुईण. आणि त्या स्वतःच सांगतात की ही युक्ती ग्वाटेमालातल्या बायकांची!

घरी बाळंतपण म्हणजे रामभरोसे, असं मात्र नाही. सुईणीच्या गाडीत ऑक्सिजन असतो, रक्तस्राव थांबवणारी इंजेक्शनं असतात, टाके घालायचं सामान असतं. तरीही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेचं मत ठाम आहे: रुग्णालय किंवा मान्यताप्राप्त बर्थ सेंटरच सर्वांत सुरक्षित; जुळं, पायाळू बाळ किंवा आधीचं सिझेरियन असेल तर घराचं नावच नको. माझ्या मते या धंद्यातलं खरं कसब बाळ झेलण्यात नाही. 'उठा, आता हॉस्पिटलात जायचं' हे वेळेत म्हणण्यात आहे. अशी बहुतेक हलवाहलव कळा रेंगाळल्यामुळे होते. सिनेमातल्यासारखी धावपळ क्वचितच.

भारतानंही 2018 मध्ये नर्सांसाठी 18 महिन्यांचं मिडवाइफरीचं खास प्रशिक्षण ठरवलं, पण ते रुग्णालयातल्या कामासाठी.

आता घरी बाळंतपण ठरलं की अमेरिकेतली सुईण घरच्यांना देते ती यादी बघा. पलंगावर चांगली चादर, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी चादर: बाळ झालं की वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली अंथरूण तयार. वार ठेवायला एक मोठं भांडं. डागांना हायड्रोजन पेरॉक्साइड. बाळाच्या वजनाला कापडाची झोळी, रद्दीवाल्याकडे असतो तसल्या हुकाच्या काट्याला अडकवलेली. आणि टबातल्या पाण्यात बाळंतपण व्हायचं असेल तर माशांच्या टाकीसाठी मिळणारी छोटी जाळी. आई जोर लावते तेव्हा पाण्यात फक्त बाळच येतं असं नाही. जाळी कोणी धरायची? बहुतेक घरी हे खातं नवऱ्याकडे जातं.